घसा कसातरी होतोय म्हणाली, आणि मी तिला गोळी दिली

आधीच सांगून टाकते, या गोष्टीत चूक माझी आहे. ऑफिसमध्ये भिंतीवर जो प्रथमोपचारवाल्यांचा कागद लावलेला असतो त्यावर माझं नाव आहे, एक्स्टेन्शन नंबर आहे, दोन दिवसांचं ट्रेनिंग झालंय, सर्टिफिकेट ड्रॉवरमध्ये पडलंय. आणि त्या ट्रेनिंगमधला ॲलर्जीचा भाग जेवणानंतरच्या सेशनला होता आणि मला झोप येत होती, एवढंच मला त्यातलं नीट आठवत होतं.

त्या दिवशी टीममधल्या एकाचा शेवटचा दिवस होता, म्हणून केक. आमच्या टीममधली एक मुलगी, तिला अक्रोड-काजू वगैरेची ॲलर्जी, ती दर वेळी विचारते की यात काय आहे. त्या दिवशीही विचारलंच तिने. आणि कुणीतरी, बॉक्स न वाचता, अगदी चांगल्या मनाने, सांगितलं "अगं साधा चॉकलेट केक आहे, काही नाही त्यात." खालच्या थरात अक्रोडाची पूड होती. तिने दोनच घास खाल्ले.

सव्वाचारच्या सुमाराला ती माझ्या डेस्कपाशी आली. दोन्ही तळहात एकमेकांवर घासत होती, थंडीत घासतो ना तसे, पण थंडी नव्हती. म्हणाली, "घसा कसातरीच होतोय गं." आवाज तिचा नव्हता, जाडसर, जिभेखाली काहीतरी ठेवून बोलल्यासारखा. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, हातांकडे बघितलं, कुठे पुरळ नाही, गांधी नाहीत, सूज नाही. माझ्या डोक्यात ॲलर्जी म्हणजे अंगावर लाल चट्टे, आणि ते नव्हते, म्हणजे एवढं काही नसणार. आता माहितीये की गंभीर रिॲक्शन आलेल्यांपैकी साधारण १० ते २० टक्के लोकांच्या कातडीवर काहीच दिसत नाही. तेव्हा माहीत नव्हतं, किंवा सांगितलं असेल जेवणानंतरच्या सेशनला.

मी फर्स्ट एड बॉक्स उघडला आणि तिला ॲलर्जीची गोळी दिली. तिने घेतली, कारण तिलाही मनातून हेच हवं होतं की हे गोळीवर भागावं. हा मुद्दा मला नंतर फार छळत राहिला, की आम्ही दोघीही मूर्ख नव्हतो, आम्हाला फक्त तमाशा नको होता. पलीकडे पंधरा जण केक खात हसत होते, त्यांच्यासमोर ओरडायचं, ॲम्ब्युलन्स बोलवायची, आणि मग काही निघालंच नाही तर? हे "काही निघालंच नाही तर" फार वाईट असतं.

मग ती म्हणाली, "मी वॉशरूमला जाऊन येते जरा." आणि मी जाऊ दिलं. मी बाहेर उभी. आतून ओकारीचा आवाज आला तेव्हा मला वाटलं चला, पोटातलं निघून गेलं, आता बरं वाटेल. इतकं उलटं मी आयुष्यात कधी समजले नसेन. ती बाहेर आली तेव्हा ओठ पांढरे, कपाळावर घाम, आणि भिंतीला हात लावून चालत होती. कोणीतरी म्हणालं गाडी काढतो, मी आणि अजून एकीने तिला दोन बाजूंनी धरलं आणि लिफ्टकडे चालवत नेलं. चालवत. लिफ्टच्या दारात तिचे गुडघे गेले.

तिथे आमचे सिक्युरिटीचे काका होते. रोज गुड मॉर्निंगपलीकडे कधी बोलणं नाही. ते धावत आले आणि मला म्हणाले, "मॅडम, उभं करू नका त्यांना, आडवं करा, आडवं." आणि मग लगेच, "पेन असेल यांचं, इंजेक्शनचं पेन, कुठंय बॅग?" त्यांच्या मुलीला दुधाची ॲलर्जी आहे हे मला तेव्हा कळलं. चार वर्षं त्याच दारातून आत जातेय मी.

आता पेनची, म्हणजे ॲड्रेनालिन भरून ठेवलेल्या, मांडीत टोचायच्या त्या तयार इंजेक्शनची, गंमत ऐका. गंमत कसली. एक मुलगा पळत गेला आणि तिची लॅपटॉप बॅग घेऊन आला. पेन त्यात नव्हतं, ते तिच्या छोट्या पर्समध्ये, पर्स ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरला कुलूप, किल्ली तिच्या जीन्सच्या खिशात. तो परत आला, आम्ही किल्ली काढली, तो परत पळाला. तेवढ्या वेळात मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला आणि पलीकडच्या बाईंनी विचारलं काय झालंय, तर मी "ॲलर्जी झालीये" म्हटलं, आणि माझ्या लक्षात आलं की हे तर लोक शिंका आल्या तरी म्हणतात. काका मागून म्हणाले "ॲनाफिलॅक्सिस म्हणा." म्हणजे जिवावर बेतणारी, अख्ख्या शरीराची ॲलर्जी. तो शब्द म्हटल्याबरोबर त्या बाईंचे प्रश्न बदलले. श्वास कसा आहे, शुद्धीत आहे का, ॲड्रेनालिन दिलंय का, कितवा मजला.

पेन आलं. त्यावर लिहिलेलंच असतं सगळं, निळं टोक आकाशाकडे, केशरी टोक मांडीकडे, पण हात थरथरत असताना वाचता येत नाही हो. मी ते बॉलपेनसारखं धरलं होतं, अंगठा टोकावर. काका म्हणाले मुठीत धरा, अंगठा टोकावर ठेवू नका. हे ते का म्हणाले ते नंतर कळलं, घाईत पेन उलटं धरून स्वतःच्याच अंगठ्यात टोचून घेणारे लोक खरंच असतात, अंगठाही थंड पडतो आणि डोसही वाया. निळी टोपी सरळ ओढून काढली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कंबर आणि गुडघ्याच्या साधारण मध्यावर, जीन्सवरूनच दाबलं. खट्ट. एक, दोन, तीन. पूर्वी दहापर्यंत मोजायला सांगायचे, आता त्या पेनवर तीन लिहिलंय, तुमच्याकडचं पेन वेगळ्या कंपनीचं असेल तर त्यावर काय लिहिलंय ते आजच वाचून ठेवा, प्रत्येकाचं थोडं वेगळं असतं. (आणि सगळीकडे पेन मिळतंच असं नाही, काही ठिकाणी डॉक्टर ॲम्प्युल, म्हणजे औषधाची छोटी काचेची कुपी, आणि सिरिंज लिहून देतात, मग तर कोण भरणार कोण टोचणार हे आधी ठरवावंच लागतं.)

तिला आडवं झाल्यावर श्वास घ्यायला जड जात होतं, ती उठायला बघत होती, तर काकांनी स्वतः जमिनीवर बसून तिची पाठ आपल्या गुडघ्यांवर टेकवली, पाय मात्र समोर लांब सरळ ठेवले. हे बरोबर होतं. चक्कर असेल, रंग उडाला असेल तर सपाट झोपवून पाय उंच, श्वासच लागत असेल तर पाय पसरून बसतं करायचं, पण खुर्चीत नाही आणि उभं तर अजिबात नाही. शुद्ध हरपली पण श्वास चालू असेल तर कुशीवर. श्वासच नसेल तर मग सीपीआर, म्हणजे छाती दाबणं.

दोन-तीन मिनिटांत ओठांना जरा रंग आला. मी रडायलाच लागले. मग पाच-सहा मिनिटांनी परत श्वासात शिट्टी वाजायला लागली, आणि पर्समध्ये दुसरं पेन होतं म्हणून बरं, ते दुसऱ्या मांडीत दिलं. पाच मिनिटांत फरक नाही पडला किंवा पडून परत बिघडलं तर दुसरा डोस द्यायचा असतो, म्हणूनच दोन पेनं जवळ ठेवायला सांगतात. ॲम्ब्युलन्सवाले वर आले तेव्हा ती बोलत होती. पहिलं वाक्य काय तर "सॉरी, तुम्हाला सगळ्यांना त्रास झाला."

ती बरी आहे. हे आधी लिहायला हवं होतं बहुतेक.

त्या रात्री मी झोपले नाही, वाचत बसले. आपल्या शरीरात मास्ट सेल नावाच्या पेशी असतात, कातडीत, श्वासनलिकेत, आतड्यात, रक्तवाहिन्यांभोवती. ॲलर्जी असलेल्या माणसात त्यांच्यावर आयजीई नावाची प्रतिद्रव्यं आधीच तयार बसलेली असतात, अक्रोडाचं प्रोटीन आलं की ती पेशी फुटल्यासारखी आतलं सगळं बाहेर टाकते, हिस्टामिन आणि इतर बरंच काही. रक्तवाहिन्या सैल पडतात आणि गळायला लागतात. १० मिनिटांत रक्तवाहिन्यांतला ३५ टक्क्यांपर्यंत द्रव बाहेर झिरपू शकतो. म्हणजे जखम नाही, रक्ताचा थेंब जमिनीवर नाही, आणि माणूस आतल्या आत रिकामा होतोय. हे वाचलं आणि मला लिफ्टकडचं ते चालणं आठवलं. हृदयाकडे परत येणारं रक्तच कमी झालेलं, त्यात आम्ही तिला उभं करून उरलेलं पायात उतरवलं.

ब्रिटनमध्ये रिचर्ड पम्फ्री नावाच्या डॉक्टरांनी अशा मृत्यूंच्या नोंदी एकेक करून तपासल्या. २००० साली त्यांनी छापलं, की श्वास किंवा हृदय थांबायला लागलेला वेळ, मधली संख्या धरली तर, खाण्यातून असेल तर ३० मिनिटं, मधमाशी-गांधीलमाशीचा डंख असेल तर १५ मिनिटं, आणि हॉस्पिटलमध्ये दिलेल्या औषधाने असेल तर ५. २००३ ला त्यांनीच अजून एक लिहिलं, ते फक्त पोझिशनवर, आडव्या माणसाला उठवून बसवलं किंवा उभं केलं आणि काही सेकंदांत गेला अशा केसेस. ते मी अर्धवट वाचून लॅपटॉप बंद केला.

आणि माझी ती गोळी. अँटिहिस्टामिन गोळी पोटात जाऊन काम करायला अर्धा तास तरी घेते, आणि करते काय तर खाज कमी, पुरळ कमी. घशाची सूज उतरवत नाही, पडलेलं बीपी वर आणत नाही. ॲड्रेनालिन ते करतं, रक्तवाहिन्या आवळतं, श्वासनलिका मोकळी करतं, हृदयाला जोर देतं, शिवाय त्या मास्ट सेलचं आणखी माल ओतणंही आवरतं. मोठ्या माणसाच्या पेनमध्ये बहुतेक वेळा ०.३ मिलिग्रॅम असतं. एवढुसं. गोळीने दुसरं एक वाईट होतं, खाज थांबते म्हणून सगळ्यांना वाटतं उतरलं, आणि आपण बसतो बघत.

बरं, मला कितीतरी जणांनी नंतर विचारलं की गरज नसताना पेन टोचलं असतं तर? तर छाती धडधडली असती, हात कापले असते, चेहरा पांढरा पडला असता, डोकं दुखलं असतं, थोड्या वेळाने उतरलं असतं. हृदयाचा त्रास असलेल्यांनाही, खरी ॲनाफिलॅक्सिस असेल तर, ॲड्रेनालिन द्यायचंच असतं. उशिरा दिल्याने लोक जातात. या दोन पारड्यांत विचार काय करायचा आहे हे मला आता समजत नाही, पण त्या दिवशी सव्वाचार वाजता मी तोच विचार करत होते ना.

आता मी लक्षात ठेवलंय ते असं. ॲलर्जी माहिती असलेला माणूस, काहीतरी खाल्लंय किंवा डंख झालाय किंवा औषध घेतलंय, आणि आवाज बदलला, घसा आवळला, श्वासात शिट्टी, सारखा खोकला, किंवा एकदम चक्कर-घाम-पांढरा रंग, यातलं एक जरी असलं तर पेन. कातडीवर काही आहे की नाही याची वाट नाही. आणि कातडीवर चट्टे प्लस उलट्या-पोटदुखी असं दोन ठिकाणी एकदम सुरू झालं तरी पेन. आणखी एक, लोक "आतून काहीतरी भयंकर होणारे असं वाटतंय" म्हणतात, डॉक्टर लोक हे खरोखर लक्षण म्हणून मोजतात. तिला वाटलं होतं तसं. तिने ते कुणाला सांगितलं नाही कारण ऑफिसमध्ये असं कोण बोलतं.

हॉस्पिटलने तिला रात्रभर ठेवून घेतलं. ती म्हणत होती मी बरी आहे, घरी सोडा, पण दुसरी लाट येऊ शकते, काहीही परत न खाता, बहुतेकदा पहिल्या काही तासांत पण ७२ तासांपर्यंत कधीही. ट्रिप्टेज नावाची रक्ततपासणी पण केली, ती रिॲक्शननंतर लवकर करायची असते, एक-दोन तासांत, नंतर परत एकदा बरं झाल्यावर करतात आणि दोन्ही आकडे ताडून बघतात.

ती आठवड्याने ऑफिसला आली तेव्हा मी माफी मागितली. ती म्हणाली, तू काय, मीच पेन कुलपात ठेवलं होतं. मग जरा वेळाने म्हणाली, "जॉइन होताना फॉर्मवर लिहिलं होतं मी सगळं, कुणी वाचला का?" एचआरकडे खरंच होता तो फॉर्म. फाइलमध्ये, कपाटात, खासगी माहिती म्हणून व्यवस्थित जपून ठेवलेला. प्रथमोपचारवाल्यांना दाखवायचं कुणाला सुचलं नाही, तिला विचारून दाखवता आलं असतं. आणि तिने सांगत फिरणं बंद केलं होतं त्यालाही कारण होतं, आधीच्या एका ऑफिसमध्ये लोक "थोडंसं खाल्लं तर काय होतंय" म्हणून प्लेट पुढे करायचे, एकाने तर गंमत म्हणून न सांगता दिलं होतं. त्या वेळी फक्त ओठ खाजले होते. मागच्या वेळी थोडंच झालं म्हणजे पुढच्या वेळीही थोडंच होईल, असं काही नसतं. १९०२ साली हा ॲनाफिलॅक्सिस शब्द काढला तोच अशा अनुभवातून, शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिये या फ्रेंच शास्त्रज्ञांनी कुत्र्यांना समुद्री ॲनिमोनचं विष अगदी थोडं थोडं टोचलं, सवय होऊन शरीर घट्ट होईल या आशेने. नेपच्यून नावाचा कुत्रा पहिल्या वेळी ठणठणीत होता, काही आठवड्यांनी तेवढंच थोडं परत दिलं तर अर्ध्या तासाच्या आत मेला. रक्षण व्हायचं ते उलटंच झालं, म्हणून शब्दही तसाच केला, ग्रीकमध्ये फिलॅक्सिस म्हणजे रक्षण, त्याच्या उलट. १९१३ ला रिशेंना नोबेल मिळालं. नेपच्यूनला काही मिळालं नाही.

ऑफिसमध्ये आम्ही काय केलं ते थोडक्यात. तिला विचारून, तिला चालेल तेवढ्याच लोकांना सांगितलं. पेनं आता कुलपाशिवाय, तिच्या टेबलाच्या वरच्या खणात, आणि मला आणि अजून तिघांना माहितीये. फ्रीजमध्ये नाही आणि उन्हाच्या खिडकीतही नाही, खोलीच्या तापमानाला. पेनवरच्या छोट्या खिडकीतून आतलं औषध दिसतं, ते गढूळ किंवा तपकिरी दिसलं तर बदलायचं. फर्स्ट एड बॉक्समध्ये लॅटेक्सचे हातमोजे निघाले, लॅटेक्सचीच ॲलर्जी असलेले लोक असतात हे आम्हाला कुणाला सुचलं नव्हतं, ते काढून नायट्राइलचे ठेवले. डोकं दुखतंय म्हणून एकमेकांना पेनकिलर वाटणं पण बंद केलं, त्याचीही ॲनाफिलॅक्सिस होते. पँट्रीत "इथे नट्स नाहीत" असा बोर्ड लावायची कुणीतरी सूचना केली तर तिनेच नको म्हटलं, म्हणाली बोर्ड वाचून मी गाफील राहीन आणि बाकीचेही, त्यापेक्षा बॉक्सवरचं लेबल फेकू नका. आणि हात साबणाने धुवा, सॅनिटायझर जंतू मारतं पण हातावरचं शेंगदाण्याचं प्रोटीन काढत नाही, ते तिथेच राहतं.

मग आम्ही ड्रिल केलं. सुई नसलेलं ट्रेनर पेन मिळतं, ते आणलं. न सांगता मी एकाला म्हटलं, मी ॲलर्जीवाली, मला रिॲक्शन आलीये, चला. पहिल्या वेळी पेन मांडीला लागेपर्यंत चार मिनिटं चाळीस सेकंद. एवढी सगळी घटना होऊन गेल्यावरसुद्धा. कारण तिघे एकदम पेन आणायला पळाले आणि एकही जण माझ्यापाशी थांबला नाही. दुसऱ्या वेळी ठरवून टाकलं, एक माणूस पेशंटला सोडत नाही, एक पेन आणतो, एक फोन लावून स्पीकरवर ठेवतो, एक खाली जाऊन लिफ्ट अडवून ॲम्ब्युलन्सची वाट बघतो. एक मिनिट दहा. ड्रिल कुणी शिकवलं असेल तर काकांनी. भिंतीवरच्या कागदावर आता त्यांचंही नाव आहे, माझ्या वर.

मागच्या आठवड्यात तिच्या पेनची एक्स्पायरी आली. नवीन आणली, जुनी दोन टाकून द्यायच्या आधी ती म्हणाली थांबा, आणि डब्यातून एक संत्रं काढून टेबलावर ठेवलं. खऱ्या पेनचा खट्ट ट्रेनरपेक्षा बराच जोरात येतो, आणि सुई दिसली की लोक मागे सरकतात, ते एकदा होऊन गेलेलं बरं. पहिलं पेन केकवाल्याने मारलं, तोच तो, "काही नाही त्यात"वाला. त्याचा हात थरथरत होता, तीन मोजायच्या ऐवजी आठ मोजले. दुसरं नवीन आलेल्या मुलीने. मग ते संत्रं तिने उचललं, त्यावर मार्करने "खाऊ नका, ॲड्रेनालिन आहे" लिहिलं आणि जाऊन कचऱ्यात टाकलं, आणि तरी काका म्हणाले, "मॅडम, बाहेरच्या डब्यात टाका, इथे कोणीतरी खाईल."